जागा एकाची, वहिवाट दुसऱ्याची

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पीसीत नवं कार्ड बसवायचं तर स्क्रूड्रायव्हरच्या आधी कागद-पेन्सिल हाती घ्यावी लागे. पहिला सीरियल पोर्ट हेक्स ३एफ८ वर, दुसरा २एफ८ वर, प्रिंटर ३७८ वर, साउंड ब्लास्टर २२० वर. उरलेल्यातून नव्या कार्डासाठी मोकळा पत्ता शोधायचा आणि कार्डावरचे इवलेसे जंपर सरकवून तो कायम करायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून पीसी जुळवणाऱ्यांना हे आकडे तोंडपाठ असत.

आयबीएम पीसीच्या १९८१च्या बसवर आणि तिच्यातून निघालेल्या आयएसए बसवर बहुतेक कार्डं पत्त्याचे दहाच बिट वाचत. म्हणजे सगळे मिळून १०२४ पत्ते, अर्थात पोर्ट, आणि त्यांतले पहिले २५६ मदरबोर्डचे. उरलेल्या ७६८मध्ये बाकी साऱ्यांनी दाटीवाटीने राहायचं. एनई२००० हे त्या काळी जिथेतिथे दिसणारं स्वस्त नेटवर्क कार्ड सलग ३२ पोर्ट अडवी. ते कुणी ३६० वर बसवलं, तर त्याची हद्द थेट ३७एफपर्यंत जाई आणि ३७८ वरचा प्रिंटर तिच्यात सापडे. मग प्रिंटरची स्थिती विचारली की दोन्ही कार्डं एकदम उत्तर देत आणि बसवर भलतंच काही उमटे. हा तंटा मिटवणारं यंत्रात कुणीच नव्हतं.

लिनक्स कर्नलने या तंट्याचं उत्तर जवळपास पंचवीस वर्षं थोडंथोडं करत घडवलं. त्या प्रकल्पातल्या फाइल सिस्टिमवर, शेड्यूलरवर, मतभेदांवर भरपूर लिहिलं गेलं. पत्त्यांच्या वाटपाचा हा कारभार मात्र दुर्लक्षित राहिला, आणि माझ्या मते तो त्यातल्या सर्वात शहाण्या कामांपैकी एक आहे.

सुरुवात साधी होती. १९९३च्या आसपासच्या ०.९९ आवृत्त्यांत कर्नल दर पोर्टमागे एक बिट ठेवी. घेतला असेल तर एक, मोकळा असेल तर शून्य. ड्रायव्हर आधी ‘चेक रीजन’ या फंक्शनला विचारी आणि मोकळं आढळलं की ‘स्नार्फ रीजन’ म्हणून ती जागा बळकावी. पुढे त्याचं नाव ‘रिक्वेस्ट रीजन’ असं सभ्य झालं. या नोंदीचा मोठा उपयोग नेटवर्क ड्रायव्हरांना होता, कारण कार्ड कुठे आहे हे कळायला तेव्हा एकच मार्ग होता: संभाव्य पत्त्यांवर जाऊन वाचून पाहायचं. त्या पत्त्यावर भलतंच कार्ड असलं तर नुसत्या वाचण्यानेही ते बिथरे आणि अख्खं यंत्र गोठे. म्हणून कर्नल सुरू करतानाच ‘रिझर्व्ह’ असा शब्द देऊन, समजा ३०० पासूनचे ३२ पोर्ट, राखून ठेवायची सोय होती. मग तिथे कुणी चाचपडत नसे.

बिटांच्या या तक्त्यात एक उणीव होती. जागा घेतलेली आहे एवढं त्यातून कळे, ती कुणी घेतली आहे ते कळत नसे. १९९५-९६च्या सुमारास लिनस टॉरव्हाल्ड्स आणि डेव्हिड हाइंड्स यांनी तक्त्याऐवजी यादी आणली. दर नोंदीत सुरुवात, लांबी आणि मालकाचं नाव. हाइंड्स हे लिनक्समध्ये पीसीएमसीआयए कार्डांचा आधार उभा करणारे. लॅपटॉप चालू असतानाच ही कार्डं घालता-काढता येत, त्यामुळे जागा देणं आणि परत घेणं यांचा पक्का हिशोब त्यांना सर्वात आधी हवा होता. यादीत १२८ नोंदी मावत. कर्नलची माहिती दाखवणाऱ्या ‘प्रॉक’ फोल्डरमधल्या ‘आयओपोर्ट्स’ या फाइलमध्ये ती कुणालाही वाचता येऊ लागली, आणि कागद-पेन्सिलीचं काम यंत्राकडे गेलं.

पण ही यादी सपाट होती. एका नोंदीच्या आत दुसरी नोंद असू शकते ही कल्पनाच तिच्यात नव्हती. दोन हद्दी एकमेकींना शिवल्या की भांडण, एवढंच तिला ठाऊक.

तिकडे हार्डवेअर बदललं होतं. इंटेलने १९९२मध्ये पीसीआय बस आणली आणि जंपर गेले. पीसीआय कार्डाला किती जागा लागते हे त्यालाच विचारता येतं. त्याची रीत सुंदर आहे. कार्डाच्या बेस अ‍ॅड्रेस रजिस्टरमध्ये सगळे बिट एक करून लिहायचे आणि लगेच परत वाचायचे. कार्डाला १ एमबी जागा हवी असेल तर खालचे वीस बिट ते एक होऊच देत नाही. वाचताना एफएफएफ००००० मिळतं, आणि त्या शून्यांवरून मागणीचा आकार कळतो. मग फर्मवेअर किंवा कर्नल मोकळी जागा पाहून खरा पत्ता त्याच रजिस्टरमध्ये लिहितो. इथून पुढे मामला प्रामुख्याने पोर्टांचा राहिला नाही. कार्डाची रजिस्टरं मेमरीच्या पत्त्यांवरच दिसू लागली. प्रोसेसर एखाद्या पत्त्यावर काही लिहितो तेव्हा ते रॅममध्ये न जाता थेट कार्डाच्या पोटात जातं.

पीसीआयमुळेच पेरेंट आणि चाइल्ड हे नातं तांब्याच्या रेषांत उतरलं. एका बसला ब्रिज लावून पलीकडे दुसरी बस जोडता येते. ब्रिजला एक विंडो ठरवून दिलेली असते. त्या विंडोत येणारे पत्ते तो पलीकडे जाऊ देतो, बाकीचे अडवतो. मेमरीसाठी ही विंडो १ एमबीच्या पटीत असते, पोर्टांसाठी ४ केबीच्या. ब्रिजमागच्या कार्डाला विंडोबाहेरचा पत्ता दिला, तर तो कागदावर कितीही मोकळा असो, कार्डापर्यंत काही पोचतच नाही. चाइल्डची जागा पेरेंटच्या जागेतूनच निघाली पाहिजे. सपाट यादीला ब्रिजची विंडो आणि तिच्या आतलं कार्ड या दोन्ही खऱ्या गोष्टी एकत्र मांडता येत नव्हत्या.

१९९९मध्ये, २.३ या विकासमालिकेच्या काळात, टॉरव्हाल्ड्स आणि मार्टिन मारेश यांनी ती यादी मोडून झाड उभं केलं. मारेश प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातले. पीसीआय कार्डांची यादी दाखवणारा ‘एलएसपीसीआय’ हा रोजच्या वापरातला प्रोग्राम त्यांचाच. कर्नलच्या ‘रिसोर्स’ फाइलच्या माथ्यावर आजही या दोघांची नावं आणि १९९९ हे साल आहे. नव्या रचनेत दर नोंदीला नाव, सुरुवात, शेवट आणि काही खुणा असतात, शिवाय तीन दुवे: पेरेंट कोण, पुढचं भावंड कोण, पहिलं अपत्य कोण. झाडं दोन, एक पोर्टांचं आणि एक मेमरीच्या पत्त्यांचं. नियमही मोजकेच. अपत्य पेरेंटच्या हद्दीत पूर्ण मावलं पाहिजे. भावंडं चढत्या क्रमाने, आणि कुणी कुणाच्या हद्दीत नाही.

एवढ्यावर ते थांबले असते तर काम अर्धवट राहिलं असतं. खरी मेख खुणांपैकी एकीत आहे. तिचं नाव ‘बिझी’. ब्रिजची विंडो झाडात असते, पण तिच्यावर ‘बिझी’ची खूण नसते. कार्डाची मेमरी झाडात असते, तिच्यावरही नसते. ड्रायव्हर येऊन ‘ही जागा मी वापरायला घेतो’ असं म्हणतो तेव्हा त्याच्या नावाची नवी नोंद आत तयार होते आणि ती खूण तिच्यावर लागते. आपल्या सातबाऱ्यात मालकीचा नमुना सात वेगळा आणि पिकाची, कसणाऱ्याची नोंद ठेवणारा नमुना बारा वेगळा. कर्नलने नेमका हाच भेद केला. जागा अस्तित्वात आहे ही एक नोंद, ती कुणाच्या वहिवाटीत आहे ही दुसरी.

‘रिक्वेस्ट रीजन’ या फंक्शनचा गाभा दहा-बारा ओळींचा आहे आणि तो मन लावून वाचावा असा आहे. नवी मागणी आली की तो झाडाच्या मुळाशी ती बसवून पाहतो. वाटेत एखादी नोंद आडवी आली, तर लगेच नकार देत नाही. आडव्या आलेल्या नोंदीवर ‘बिझी’ची खूण आहे का, हे आधी बघतो. नसेल, तर त्या नोंदीलाच नवा पेरेंट मानून तिच्या आत शिरतो आणि तिथे पुन्हा बसवून पाहतो. असं उतरत उतरत मोकळी जागा मिळाली तर तिथे नोंद होते. खूण असलेली नोंद आडवी आली तरच मागणी परत फिरते, आणि ड्रायव्हर उणे १६ हा क्रमांक सांगून थांबतो: जागा व्यापलेली आहे.

याच सुमारास आणखी एक जुनं दुखणं निघालं. आधी विचारायचं आणि मग घ्यायचं, या दोन पावलांच्या मध्ये दुसरा प्रोसेसर तीच जागा घेऊन जाऊ शकत होता. २.२ आवृत्तीपर्यंत ‘रिक्वेस्ट रीजन’ काही उत्तरच देत नसे, त्यामुळे विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ४ जानेवारी २००१ला निघालेल्या २.४मध्ये ते मिळालेली नोंद परत देऊ लागलं, न मिळाल्यास रिकामा हात. विचारणं आणि घेणं एकच झालं. ‘चेक रीजन’ त्यानंतरही बरीच वर्षं रेंगाळलं, कारण जुने ड्रायव्हर सुधारायला माणसं मिळत नव्हती.

झाडाची खरी परीक्षा पीसीत झाली नाही. ती हातात मावणाऱ्या यंत्रांत आणि छोट्या बोर्डांवर झाली. २०००नंतर एकाच चिपमध्ये पाच-सहा उपकरणं कोंबण्याची चाल पडली. शार्पच्या झॉरस एसएल-६००० या पॉकेट संगणकात तोशिबाची टीसी६३९३एक्सबी ही अशीच सोबतीची चिप होती, तिच्यात फ्लॅश मेमरीचा कंट्रोलर, मेमरी कार्ड, यूएसबी, पडदा सगळं एकत्र. अशा चिपसाठी एकच अजस्र ड्रायव्हर लिहिणं वेडेपणा. यूएसबीचं काम यूएसबीच्या ड्रायव्हरने करावं, पडद्याचं पडद्याच्या. पण चिप एक, तिचा पत्ता एक, घड्याळ एक, इंटरप्टची तार एक. मग चिपला एक पेरेंट ड्रायव्हर आणि आतल्या दर उपकरणाला एक चाइल्ड ड्रायव्हर, अशी मांडणी आली. कर्नलमध्ये तिचं घर ‘एमएफडी’ या फोल्डरमध्ये आहे. अर्थ, अनेक कामं करणारं उपकरण.

यातलं मला सर्वात आवडणारं उदाहरण सिलिकॉन मोशनच्या एसएम५०१ चिपचं. तिचा पेरेंट ड्रायव्हर ब्रिटनमधल्या सिमटेक इलेक्ट्रॉनिक्सच्या बेन डुक्स आणि व्हिन्सेंट सँडर्स यांनी २००६मध्ये लिहिला आणि पुढच्या वर्षी तो २.६.२१ आवृत्तीत आला. या चिपला दोन प्रकारची जागा असते. एक रजिस्टरांची, दुसरी चिपची स्वतःची मेमरी, २ एमबीपासून ६४ एमबीपर्यंत. ही मेमरी पडद्याच्या चित्रासाठी लागते आणि यूएसबीलाही लागते. वाटणी इथे खरोखरच मेमरीची आहे, नुसत्या पत्त्यांची नाही.

पेरेंट ड्रायव्हर काय करतो ते बघण्यासारखं आहे. रजिस्टरांच्या एवढ्या मोठ्या पट्ट्यातले फक्त पहिले २५६ बाइट तो स्वतःच्या नावावर करतो. घड्याळ, वीज आणि समाईक नियंत्रण यांची मुख्य रजिस्टरं तेवढ्यात येतात. बाकी पट्ट्याचे नकाशे त्याच्याजवळ असतात, पण ‘बिझी’ची खूण तो तिथे लावत नाही. मग एकेक चाइल्ड तयार करताना तो त्याला तुकडा मोजून देतो: यूएसबीला हेक्स ४०००० पासून पुढे, पडद्याला ८०००० पासून. दर तुकड्याच्या नोंदीत पेरेंट म्हणून चिपच्या पूर्ण पट्ट्याचं नाव घातलेलं असतं, त्यामुळे झाडात तो आपोआप योग्य ठिकाणी बसतो. नंतर यूएसबीचा ड्रायव्हर येऊन आपला तुकडा मागतो तेव्हा वाटेत ‘बिझी’ नोंद लागत नाही.

मेमरीची वाटणी त्याहून चोख. आधी मेमरी किती आहे हे तो चिपच्या एका रजिस्टरमधून वाचतो आणि तो आकडा एका चलात ठेवतो. यूएसबी हवं असेल तर वरच्या टोकाकडून २५६ केबी कापून त्याला देतो आणि चलातला आकडा तेवढ्याने कमी करतो. पडद्याचा ड्रायव्हर सर्वात शेवटी येतो आणि चलात जे उरलं असेल ते सगळं त्याचं. वाटणीचा क्रम कोडमध्येच बांधलेला आहे, त्यामुळे दोन चाइल्डमध्ये आपसात काही ठरवण्याची वेळच येत नाही. त्यांना एकमेकांचं अस्तित्वही माहीत नसतं. समाईक रजिस्टर बदलायचं तर ते पेरेंटचं फंक्शन बोलावतात आणि पेरेंट कुलूप लावून बदल करतो. वीजही अशीच. कोणत्या भागाला किती जणांची गरज आहे हे पेरेंट मोजतो आणि गरज संपली की तो भाग बंद करतो.

यूएसबीला चिपचीच मेमरी का लागते, तर चिपमधला यूएसबी कंट्रोलर मुख्य रॅमपर्यंत पोचू शकत नाही. त्याला हात लांबवता येतो तो चिपच्या मेमरीपुरता. २००८मध्ये मॅग्नस डॅम यांनी त्यासाठी ड्रायव्हर लिहिला. पेरेंटने दिलेली २५६ केबी तो कर्नलकडे ‘या उपकरणाची डीएमए मेमरी (प्रोसेसरविना थेट वाचता-लिहिता येणारी) हीच’ म्हणून जाहीर करतो. पेनड्राइव्हवरून येणारी माहिती आधी त्या २५६ केबीत उतरते, मग प्रोसेसर ती रॅममध्ये नकलून घेतो.

२००८मध्येच इयन मोल्टन आणि दिमित्री बारिशकोव्ह यांच्या कामातून ‘एमएफडी कोअर’ आलं. मूळ गरज झॉरससारख्या यंत्रांतल्या चिपांची. पण त्यामुळे दर पेरेंट ड्रायव्हरने वाटपाचा कोड नव्याने लिहिण्याची कटकट संपली. चाइल्डचे पत्ते चिपच्या सुरुवातीपासून मोजून लिहायचे आणि एक फंक्शन बोलवायचं. खऱ्या पत्त्यात चिपची सुरुवात मिळवणं आणि पेरेंटचा दुवा जोडणं ते करतं.

सगळ्याच जागा कापून देता येत नाहीत. पीसीच्या मदरबोर्डवर सुपर आयओ नावाची चिप असते. पंख्यांचा वेग, तापमान, अडकलेलं यंत्र मुदत संपताच पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग, सीरियल पोर्ट असं तिच्यात बरंच काही, आणि या सगळ्याची मांडणी करायचं दार एकच: २ई आणि २एफ हे दोन पोर्ट. काही चिपांना जागं करायला २ई वर ८७ दोनदा लिहायचं, मग ०७ या रजिस्टरमध्ये आतल्या उपकरणाचा क्रमांक घालायचा, काम करायचं आणि जाताना एए लिहून दार लावायचं. तापमानाचा ड्रायव्हर मध्यावर असताना वॉचडॉगचा ड्रायव्हर तिथे घुसून क्रमांक बदलून गेला, तर पहिल्याचं पुढचं लिखाण भलत्या उपकरणात जातं. पंख्याचा वेग बदलायला जावं आणि वॉचडॉगची मुदत बदलावी. २०१०मध्ये अ‍ॅलन कॉक्स यांनी यासाठी ‘मक्स्ड’ अशी नवी खूण आणली. ती लावून मागितलेली जागा दुसऱ्याकडे असेल तर नकार मिळत नाही. मागणारा झोपून वाट पाहतो आणि पहिल्याने जागा सोडताच जागा होतो. इतक्या लहान बदलाने इतके जुने घोळ मिटल्याची उदाहरणं थोडीच.

पुढचं वळण एआरएम प्रोसेसरांचं. फोन आणि छोट्या बोर्डांचा पूर आला होता आणि दर बोर्डासाठी कर्नलमध्ये सी भाषेतली वेगळी फाइल होती, तिच्यात पत्त्यांच्या याद्याच याद्या. मार्च २०११मध्ये टॉरव्हाल्ड्स यांनी एआरएमच्या मंडळींना उघड आणि अतिशय कडक शब्दांत सुनावलं. त्यातून जे आलं ते जुनंच होतं. सन कंपनीत मिच ब्रॅडली यांनी घडवलेल्या ओपन फर्मवेअरमध्ये हार्डवेअरचं वर्णन झाडाच्या रूपात देण्याची पद्धत होती, आणि १९९४मध्ये ती आयईईई १२७५ म्हणून प्रमाणित झाली होती. २००५मध्ये बेंजामिन हेरेनश्मिट यांच्या कामामुळे पॉवरपीसीवर ती सपाट फाइलच्या रूपात आली. आता एआरएमने ती उचलली.

या वर्णनात पेरेंट-चाइल्डच्या पत्त्यांचं नातं ‘रेंजेस’ या एका गुणधर्मात सांगितलेलं असतं: चाइल्डचा अमुक पत्ता म्हणजे पेरेंटचा तमुक, आणि लांबी इतकी. ‘रेंजेस’ रिकामं लिहिलं तर दोन्ही पत्ते सारखेच. मुळीच लिहिलं नाही, तर चाइल्डचे पत्ते बाहेरून पोचण्यासारखे नाहीत असं धरलं जातं. रिकामं असणं आणि नसणं यांतला हा फरक अनेकांना महागात पडला आहे, पण व्याख्या म्हणून तो बरोबर आहे.

सोयी वाढल्या तशी एक नवी ठेच लागू लागली. २००७मध्ये तेजुन हिओ यांनी ‘डेव्हरेस’ आणलं. ड्रायव्हर निघून गेला की त्याने घेतलेलं सगळं आपोआप उलट्या क्रमाने परत जातं. २०१३मध्ये थिएरी रेडिंग यांनी त्यावर एकच फंक्शन रचलं, जे जागा नावावर करतं आणि तिचा नकाशाही देतं. एका ओळीत काम होत असल्याने सगळे ते वापरू लागले. साध्या ड्रायव्हरला ते उत्तमच. पेरेंट ड्रायव्हरला नाही. वर्णनात लिहिलेला चिपचा अख्खा पट्टा पेरेंटने त्या एका ओळीत घेतला, की ‘बिझी’ची खूण सगळ्यावर लागते आणि मागून येणाऱ्या प्रत्येक चाइल्डच्या हाती उणे १६ पडतं. त्यावर एसएम५०१च्या ड्रायव्हरने दाखवलेली वाट आहेच: आपल्या वापरापुरते बाइट घ्यायचे, बाकीचा फक्त नकाशा ठेवायचा. चाइल्डने आपली मागणीच न नोंदवता नुसता नकाशा करून घ्यावा, असाही तोडगा बरेच जण काढतात. तो मला मान्य नाही. त्याने ड्रायव्हर चालतो, पण उद्या तिसऱ्याने तीच जागा मागितली तर त्याला अडवणारी नोंद कुठेच नसते.

काही चिपांत तर तुकडे पाडणंच अशक्य असतं. एकाच ३२ बिटांच्या रजिस्टरमधले तीन बिट घड्याळाचे, दोन यूएसबीचे, एक रिसेटचा. पत्त्यांचं झाड बाइटाच्या खाली उतरत नाही. २०११मध्ये मार्क ब्राउन यांचं ‘रेगमॅप’ आलं आणि २०१२मध्ये त्यावर उभं असलेलं ‘सिस्कॉन’. यात चाइल्ड पत्ता मागतच नाही. तो पेरेंटचा रेगमॅप मागून घेतो आणि ‘या रजिस्टरमधले हे बिट बदल’ एवढं सांगतो. वाचणं, बदलणं, परत लिहिणं हे तिन्ही एका कुलपाखाली होतं. स्वतः सिस्कॉन पट्ट्याचा नकाशा करतं, पण ‘बिझी’ची खूण लावत नाही, त्यामुळे त्याच पट्ट्यात हक्काचा तुकडा असलेल्या ड्रायव्हरलाही आपली नोंद करता येते.

‘प्रॉक’मधल्या ‘आयओमेम’ या फाइलमध्ये मेमरीचं झाड आजही वाचता येतं. चाइल्डची ओळ पेरेंटच्या ओळीखाली दोन जागा आत सरकलेली असते. सामान्य वापरकर्त्याला मात्र आता पत्त्यांच्या जागी शून्यंच दिसतात, खरे आकडे पाहायला रूटचा अधिकार लागतो. एसएम५०१सारख्या चिपचे चाइल्ड त्यात नावानिशी दिसतात. रेगमॅपवरून काम करणाऱ्या चाइल्डांची ओळच नसते. कोणत्या बिटाला कोण हात लावतो हे शोधायचं तर हार्डवेअरचं वर्णन आणि ड्रायव्हरचा कोड शेजारी ठेवून वाचावं लागतं.